फ्रिजच्या दारातल्या सिगारेटी

मार्तंडरावांच्या सिगारेटी फ्रिजच्या दारात, गुलकंदाच्या बरणीला टेकून राहायच्या. तर्क साधा होता. तंबाखू उष्ण, पुदिना थंड. दोघं भांडून मरतात, माणूस वाचतो.

ही पुदिन्याच्या गोळीवाली सिगारेट सुचवली अंबडच्या पानदुकानवाल्या बद्रीनारायणशेठनी. "फिल्टरमधली गोळी दाबा मार्तंडजी. टक् वाजलं की छातीत ठंडक. खोकल्याला बराबर!"

खोकला दबलाही. तेव्हापासून मार्तंडराव सिगारेट ओढतो म्हणायचे नाहीत, घेतो म्हणायचे. सकाळी एक, जेवणावर दोन. खोकला परत आला तेव्हा त्यांनी डोस वाढवला.

मे महिन्यात शेठकडचा माल संपला. तीन दिवस सिगारेट नाही. चौथ्या दिवशी कचेरीत बसल्या बसल्या त्यांच्या ध्यानात आलं, छातीतली थंडी गेलेलीच नाही. डावीकडे, बरगडीच्या आत, रुपयाएवढी जागा गार. बाहेर त्रेचाळीस डिग्री.

पाचव्या दिवशी ते स्वेटर घालून आले.

"काय साहेब, काश्मीरला बदली झाली काय?" शिपाई कचरूनं विचारलं.

सगळे हसले. मार्तंडरावही हसले. तेवढी जागा सोडून.

संध्याकाळी त्यांनी दुकान गाठलं. "शेठ, बंद करून पाच दिवस झाले, तरी थंडी जाऊन न्हाई राह्यली."

शेठचा चुन्याचा हात थांबला. "आष्टीचे भुजंगराव बिलकुल असंच म्हणायचे."

"मंग?"

"मंग काय, खूश होते. म्हणायचे, असर टिकतो."

"आता कसे हायेत?"

शेठनी विड्याचं पान पुसलं. पुसलेलंच पुन्हा पुसलं. "माल उद्या येतोय. दोन पाकिटं ठेवू का?"

घरी काही सांगायचं नाही, असं मार्तंडरावांनी वाटेत ठरवलं. सांगितलं की ते खरं होणार.

"अहो, स्वेटरात गरम पाण्याची पिशवी कशाला?" बायकोनं, तारानं, जेवायला बसताच विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. तारा हसेल असं त्यांना वाटलं होतं; हसली असती तर बरं झालं असतं. तिनं त्या जागेवर तळहात ठेवला आणि झटकन ओढून घेतला. मग फ्रिजच्या दारातलं रिकामं पाकीट चिमट्यानं उचलून बाहेर फेकलं, आणि हात धुतले. दोनदा.

"सकाळच्या पहिल्या गाडीनं जालन्याला जायचं. छातीचा फोटो काढायला."

"उन्हानं बी होत असंल गं."

"उन्हानं गार?"

मार्तंडरावांनी पिशवी स्वेटरात आणखी वर सरकवली.

एक्स-रेच्या खोलीतली मुलगी म्हणाली, "काका, शर्ट काढून छाती प्लेटला लावा. जरा गार लागंल हं."

मार्तंडरावांनी डोळे मिटले आणि छाती टेकवली. प्लेट गार होती. खांद्याला गार लागली, पोटाला लागली, उजवीकडे तर काटाच आला.

"श्वास घ्या. धरून ठेवा."

त्यांनी धरला. डावीकडे, त्या रुपयाएवढ्या जागेला, प्लेट गार लागलीच नाही.