अर्धी मात्रा उशिरा

मी आयुष्यात थापा भरपूर मारल्या. कबूल आहे. माझ्या एका टिंगने समोरच्या इमारतीतली सगळी कुत्री ओळीने खाली बसली, ही त्यातली सगळ्यात साधी. पण त्या प्रसिद्ध गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्याआधी वाजते ती टिंग माझी, ही थाप नव्हती. आणि बेचाळीस वर्षं नेमकी तीच गोष्ट घरात कुणाला पटत नव्हती.

कुणाला म्हणजे मेव्हण्याला. हिचा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला ते भिंग लावून लावून त्याची एक भुवई कायमची वर गेली आहे, त्यामुळे तुम्ही काहीही सांगा, तो संशयच घेतोय असं वाटतं. माझ्या बाबतीत तो घेतोच.

"भावोजी, टिंग वाजवायला साठ जणांच्या वाद्यवृंदात माणूस ठेवतात? वाटेने जाणारा सायकलवालासुद्धा वाजवेल."

आता ट्रँगल म्हणजे सुतळीला टांगलेला लोखंडी त्रिकोण, हे खरं. पण तो वाजवायचा कधी, यात सगळी विद्या. तीन मिनिटं गप्प उभं राहायचं आणि एकदाच वाजवायचं. तीन मिनिटं गप्प! माझ्यासारख्या माणसाने!

तर आमच्या संगीतकार साहेबांना जाऊन पंचवीस वर्षं झाली, म्हणून मोठ्या सभागृहात त्यांच्या गाण्यांचा कार्यक्रम झाला. जुन्यांपैकी हयात होते त्यांना शोधून बोलावलं. आम्ही अकरा निघालो. त्यात दोघांना ऐकू येत नव्हतं, पण वाजवलं झकास. मी काळा कोट घालून मागे उभा राहिलो आणि ती टिंग वाजवली, अगदी पहिल्यासारखी, म्हणजे अर्धी मात्रा उशिरा.

हो, उशिरा. मूळ गाण्यातही ती उशिराच आहे. त्या काळी रेकॉर्डिंगला एका खोलीत सगळे कोंबलेले, पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखे बंद, आणि एक जण चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. सोळा वेळा झालं होतं. सतराव्या वेळी सगळं जुळून आलं आणि माझी टिंग मागे राहिली. साहेबांनी गाणं संपेपर्यंत हात हलवला, मग काठी खाली ठेवून विचारलं, "काय झालं रे?"

साठ माणसं मान वळवून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "साहेब, नाकावर माशी बसली."

साहेबांनी क्षणभर डोळे मिटले. "राहू दे," म्हणाले. "आता ती गाण्याचीच झाली."

एकदा माशी सांगितली की जन्मभर माशीच सांभाळावी लागते. पुढे पुढे मी तिला हिरवी केली, मग गांधीलमाशी केली.

कार्यक्रमानंतर अकरा महिन्यांनी त्याची डीव्हीडी निघाली. दोन तबकड्यांची पेटी, वर साहेबांचा फोटो. रविवारी दुपारी मेव्हणा स्वतःचा जुना डीव्हीडी प्लेअर काखोटीला मारून हजर. "आज सोक्षमोक्ष लावू," म्हणाला. हिने चहा ठेवला. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. पडद्यावर मीच येणार, तर समोरही नीट दिसायला नको?

गाणं आलं. पहिला अंतरा झाला. व्हायोलिनं चढत गेली. मी कॅमेऱ्यात शिरलो, म्हणजे माझं कोपर शिरलं. आणि टिंग वाजायच्या क्षणाला पडद्यावर गायिकेचं कर्णफूल!

"कोपर कुणाचंही असतं," मेव्हणा म्हणाला.

"अरे, टिंग ऐक ना! उशिरा आहे की नाही?"

त्याने मागे नेऊन पुन्हा लावलं. मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. मग भुवई आणखी वर गेली. "भावोजी, ही तर बरोब्बर तालावर आहे."

खरंच, तालावर होती. संकलन करणाऱ्या कुणा गुणी माणसाने यंत्रावर ती चूक पाहिली असणार, आणि बिचाऱ्याने सरकवून नीट करून ठेवली. एखाद्याने आपल्या नाकाचा आजोबांकडून आलेला बाक फोटोतून सरळ करून टाकावा तसं झालं. कार्यक्रम मी वाजवला, आणि डीव्हीडीत मी नव्हतोच.

"जाऊ दे रे," ही हळूच म्हणाली. "चहा घ्या."

तिने 'जाऊ दे' म्हटलं ते मला जास्त लागलं. तिलाही खात्री नव्हती तर. मूळ रेकॉर्डिंगच्या दिवशी ती तिथेच होती, कोरसमध्ये, माझ्याकडे पाठ करून. तिला टिंग ऐकू आली होती, वाजवणारा दिसला नव्हता.

मेव्हण्याने उगाच दुसरी तबकडी घातली. तिच्यात साहेबांची एक जुनी मुलाखत निघाली. खुर्चीत बसलेले, अंगावर शाल, आवाज तोच खरबरीत. मुलाखत घेणाऱ्याने नेमकं विचारलं की ती टिंग उशिरा का.

साहेब हसले. "आमचा टिंगवाला. म्हणे नाकावर माशी बसली! त्या खोलीत आम्हालाच श्वास घ्यायला जागा नव्हती, माशी कुठून येणार? मी समोर उभा होतो. गडी बघत होता कोरसमधल्या मुलीकडे. डावीकडून तिसरी. लाल रिबीन. पण गाणं वाट बघण्याचं होतं ना, म्हटलं, टिंगलाही थोडी वाट बघू दे."

मी उडी मारून उठलो. "ऐकलंस? टिंगवाला! म्हणजे मी!"

मेव्हण्याने मुलाखत थांबवली. मग ही म्हणाली, "तिसरी?"

"हो... म्हणजे..."

"आम्ही सात जणी होतो. मी डावीकडून पाचवी." तिने कप खाली ठेवला. "तिसरी ती घाऱ्या डोळ्यांची. तिच्याही रिबिनी लालच असायच्या."

"अगं, पाठीमागून डोळे कुठले दिसतात!"

"म्हणजे रिबीन दिसली. तिची. आणि मला बेचाळीस वर्षं माशी!"

आता सांगा. जन्मभर थापा मारल्या त्या पचल्या, आणि एक खरी गोष्ट सिद्ध झाली तर त्याच घटकेला संसार पणाला लागला. मी शपथा घेऊ लागलो. माझ्या शपथांना या घरात काय भाव आहे, ते तुम्हाला कळलंच असेल.

तेव्हा बोलला तो मेव्हणा.

"ताई, थांब. घड्याळ मागून उघडलं की डाव्याचं उजवं होतं. नवशिका तिथेच चुकतो." त्याने ट्रेमधले सात चमचे ओळीत मांडले. "तू साहेबांकडे तोंड करून उभी. तुझ्या डावीकडून मोज."

तिने मोजलं. पाचव्या चमच्यावर बोट ठेवलं.

"आता समोर साहेबांच्या जागी ये. साहेबांच्या डावीकडून मोज."

ती टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली. एक, दोन, तीन. बोट त्याच चमच्यावर आलं.

ती बोट तसंच ठेवून उभी राहिली. मेव्हण्याने भिंग पुसायला घेतलं, उगाचच. मी त्याच्याकडे बघितलं, तर त्याची भुवई चक्क खाली आलेली. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या दोन्ही भुवया मला एका रेषेत दिसल्या.

"ती रिबीन सुटत आली होती," मी म्हणालो. "पडणार की काय, म्हणून बघत राहिलो. तेवढंच."

"पडली होती," ही म्हणाली. "घरी गेल्यावर आईने विचारलं, कुठे टाकलीस?"

ट्रँगलच्या पेटीत तळाला काय आहे, ते आणखी कधीतरी सांगीन. माझ्यावर लगेच विश्वास ठेवायची तिला सवय नाही, एकदम झेपायचं नाही.

"पहिली तबकडी लाव रे," ती भावाला म्हणाली. "ते गाणं."

त्याने लावलं. अंतरा झाला, व्हायोलिनं चढली, माझं कोपर आलं, कर्णफूल आलं, आणि त्या गुणी माणसाने सरकवलेली टिंग बरोब्बर तालावर वाजून गेली. हिने तो पाचवा चमचा उचलला, अर्धी मात्रा थांबली, आणि कपाच्या काठावर मारला.

टिंग.

मेव्हण्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आत्ता बरोबर," म्हणाला.