हळदपेठेची टीम

दुसरी मोठी लढाई संपल्यावर कृष्णात नाईक इटलीहून सांगलीला परतला आणि घरी बसवेना म्हणून त्याने हॉकीची टीम उभी केली. पलटणीत तो सेंटर हाफ, म्हणजे मधल्या फळीत, खेळायचा; इथेही तीच जागा त्याने घेतली. सांगलीत मैदान नव्हतं. नदीकाठच्या काळ्या रानावर मुरूम पसरून, दगडी रूळ फिरवून त्याने ते तयार केलं. गूळ-हळदीचे अडते लालासाहेब यांनी खेळाडूंना आपल्या वखारीत काम दिलं. सकाळी हळदीची पोती उचलायची, दुपारनंतर खेळायचं आणि पगार पूर्ण घ्यायचा, अशी बोली होती. खेळून पगार मिळतो, हे आधी कुणाला खरंच वाटेना.

दुसऱ्याच वर्षी या टीमने कोल्हापुरात ढाल जिंकली. सगळे गोल पलूसच्या पिंजाऱ्यांच्या महंमदचे होते. त्याच्या काठीला चेंडू लागला की सुटायचा नाही. मुंबईच्या एका गिरणीच्या मॅनेजरने तो खेळ पाहिला आणि महंमदला नोकरी देऊ केली.

महंमद दोन दिवस कृष्णातच्या समोर आला नाही. शेवटी कृष्णातच त्याच्याकडे गेला.

"जातूस का न्हाई?"

"नाईक, तुमी म्हनाल तसं."

"मी कशाला म्हनू? जा. आईला पैसं धाडत जा. अन् तिकडं कुनी इचारलं कुठला, तर पलूसचा म्हनून सांग, लाजू नगंस."

महंमद गेला आणि लालासाहेबांचा धीर सुटला. त्यांनी कृष्णातला वखारीत बोलावलं.

"नाईक, आपन पोरं तयार करायची अन् मुंबईनं उचलायची, ह्याला काय अर्थ हाय? पगारी टीम सांबाळनं मोठ्या शहराचं काम. सांगलीला ते झेपायचं न्हाई. औंदा बंद करू."

"आवं मालक, पलटनीत दर म्हैन्याला आमचं कोन ना कोन बदलून जायचं. कोन जखमी व्हायचं, कोन परत यायचंच न्हाई. तरी टीम हुतीच की. एक सामना बघा, मग काय ते ठरवा."

"कुनाशी?"

"महंमदच्या गिरनीशी."

लालासाहेबांनी एका सामन्यापुरतं कबूल केलं.

कोल्हापूरच्या स्पर्धेला निघालेली गिरणीची टीम महंमदच्या आग्रहाने एक दिवस सांगलीला उतरली. अख्खी पेठ लोटली. हमाल आले, हळद निवडणाऱ्या बाया आल्या, कडेगावकडून बैलगाड्या आल्या. महंमदची आई हाजराबी पलूसहून येऊन पुढेच बसली होती. पिवळ्या हातांच्या सांगलीकरांना बघून बुटातले गिरणीवाले आपसांत हसले. सांगलीकर अनवाणीच होते.

पहिला गोल महंमदनेच केला. कुणाचीच टाळी पडली नाही. हाजराबीने पदर तोंडाला लावला. हसावं की नाही, हे तिला कळेना. मागून साळूबाई हमालीण ओरडली, "अगं, टाळी वाजीव की! आपल्यातलंच लेकरू हाय त्ये!" मग सगळ्यांनीच टाळ्या दिल्या.

मध्यंतरात कृष्णातने सगळ्यांना गोल बसवलं. "आजवर चेंडू आला की आपन महंमदला शोधायचो. अजूनबी त्येलाच शोधताय. त्यो समोरच्या बाजूला हाय रं! आता मोकळा दिसंल त्येला द्या. कोनबी असूंदे."

एवढंच सांगितलं, पण खेळ फिरला. चेंडू एका जागी थांबेना. डावीकडून वखारीतला मोहिद्दीन सुटला की उजवीकडचा त्याचा जोडीदार गुंडा पळत आत यायचा. गिरणीवाल्यांना कुणाला अडवावं ते उमजेना. मोहिद्दीनने बरोबरी केली. शेवटी शेवटी कृष्णातने महंमदच्याच काठीवरून चेंडू काढून घेतला आणि उजवीकडे लोटला. गुंडाने धावता धावता असा फटका मारला की गोलकीपर वळेपर्यंत चेंडू फळीवर वाजला.

शिटी झाली. लोक मैदानात घुसले. महंमद कृष्णातच्या पाया पडायला वाकला, तर त्याने त्याला मधेच धरून उठवलं. "लय चांगला खेळलास. निसता चेंडू जरा जास्त धरतूस."

टीमबरोबर आलेला गिरणीचा मॅनेजर मात्र थेट लालासाहेबांकडे गेला. "शेठ, तो उजवीकडचा गडी आम्हाला पाहिजे. आणि डावीकडचाही."

टीम बंद करायला निघालेले लालासाहेब छाती काढून म्हणाले, "हंगाम संपूस्तवर माझा एकबी गडी हलनार न्हाई. त्येच्या म्होरं ज्येची इच्छा आसंल त्यो येईल. पन दरसाल तुमी हितं येऊन खेळायचं. कबूल हाय का?"

मॅनेजर हसला आणि कबूल म्हणाला. कोपऱ्यात घाम पुसत उभ्या गुंडाला लालासाहेबांनी विचारलं, "जाशील का रं मुंबईला?"

"बघू की मालक. औंदा तर ढाल परत आनायची हाय."

गाड्या पांगल्यावर लालासाहेबांनी कृष्णातला बाजूला घेतलं.

"हे दोगं गेलं तर?"

"कडेगावात दोन भाऊ हायत. ऊस तोडत्यात. पळत्यात मातूर वाऱ्यावानी."

"काठी कवा धरलीया का त्येंनी?"

"न्हाई."

"मग वाट कशाची बघतूस? सकाळी माझी गाडी घे. मीबी येतो."

दुसऱ्या दिवशी दिवस उगवताना दोघे कडेगावच्या रस्त्याला लागले. गाडीत चार काठ्या होत्या आणि लालासाहेब वाटभर कृष्णातला सेंटर हाफ म्हणजे नेमकं काय ते विचारत होते.