हूक आणि साबण

आमची ही गेल्याचं कळलं तेव्हा मी नवव्या मजल्याच्या परांचीवर उभा होतो. सेफ्टीचा पट्टा कमरेला, दोराला अडकवायचा त्याचा हूक खिशात. शेजारीण फोनवर रडत होती. मी ‘बरं’ म्हणालो आणि हातातलं प्लास्टर संपवून मगच उतरलो. का, ते आजही सांगता येत नाही.

रोज दुपारी हिचा फोन यायचा. “अहो, हूक लावलाय ना?” मी “लावलाय” म्हणायचो आणि फोन ठेवून मग लावायचो. अठरा वर्षं खोटं बोलून मी जिवंत राहिलो. ती गेल्यावर विचारणारं कुणी नाही, हूक खिशातच राहायला लागला.

त्यात कंपनीनं नवी हेल्मेटं आणली. हूक न लावता कडेला गेलं की हेल्मेट कोकलतं आणि तरी लावला नाही तर ऑफिसातल्या पडद्यावर माणूस लाल होतो. पण हूक कशात अडकवलाय हे त्या हेल्मेटाला कळत नाही. वेल्डरनं आपला हूक पाण्याच्या बादलीला लावला. पडद्यावर तो दिवसभर हिरवा! पडला असता तर बादलीसकट.

मला तेवढीही युक्ती सुचली नाही. मुकादम म्हणाला, “काका, आठवड्यात तीनदा लाल झालात. आणखी एकदा, की खाली गोदामात.”

गोदामात दिवसभर एकटं बसायचं म्हणजे हिचीच आठवण. वर निदान समोर भिंत असते.

सेफ्टीच्या बाईंनी डोकं चालवलं. “यंत्राचं कुणी ऐकत नाही. हेल्मेटात घरच्यांचा आवाज भरून देते.” वेल्डरच्या बायकोनं चार मिनिटं शिव्या भरल्या. बाईंनी त्यातलं “मेल्या, मागं हो” एवढंच ठेवलं. माझ्या फोनमध्ये हिच्या आवाजातला एकच निरोप होता, शेवटच्या सकाळचा; तोच दिला.

दुसऱ्या दिवशी कडेला गेलो आणि डोक्यावरून आवाज आला, “अहो, हूक लावा. आणि येताना साबण आणा. विसराल, मला माहितीय.”

थापी तशीच हातात राहिली. हूक दोराला अडकवला. “लावलाय,” मी मोठ्यानं म्हणालो. या खेपेला खरं.

“वहिनी मलाही बोलल्या काय?” म्हणत वेल्डरनं बादली सोडली आणि दोर धरला.

आता हिचा आवाज आला की अख्खा मजला हूक चाचपतो. मी पुन्हा लाल झालो नाही. मात्र सुटताना सगळे ओरडतात, “काका, साबण!” न आणून चालत नाही. घरात एकतीस वड्या झाल्या आहेत.

तिनं साबण कशाला मागवला होता ते मला ठाऊक आहे. त्या सकाळी तिनं धुवायला काढलेलं तिच्या कपड्यांचं गाठोडं न्हाणीघराच्या कोपऱ्यात आहे. ते अजून धुवायचं राहिलं आहे.