छिन्नी लागलेला रुपया

"आटप रे कौतिक. गिऱ्हाईक खोळंबलंय," दिगंबरशेठ गादीवरून म्हणाले.

कौतिकने छिन्नीवर हातोडी मारली. रुपयावर आडवी खाच पडली. सराफी पेढीची रीतच होती ती. खोटं नाणं परत द्यायचं, पण खाच पाडून. पुन्हा कुणाला फसवायला नको.

समोरच्या रंभाबाईने पदर तोंडाला लावला. "भाऊ, सासूनं चुलीखाली पुरून ठेवेल रुपये हायेत हे. खोटे कसे होतीन?"

रझाकारांच्या धामधुमीत ती अजिंठ्याकडून निघून आली होती. पुढे निजामाचं राज्य हिंदुस्थानात आलं, पण ती परतली नाही. तिकडच्या नोटा बऱ्हाणपुरात कुणी हाती धरीना. नोट म्हणजे राजाचा शब्द. राजाच गेला, तर शब्दाला कोण विचारतो? चांदीच्या खणखणीत रुपयाला मात्र कुठल्याच राजाची भीड नसते. त्या ओंजळभर रुपयांच्या भरवशावर तिने तापीपलीकडच्या जैनाबादला एक हातमाग ठरवला होता. दिवस मावळायच्या आत रुपये पारखून तिकडे पोचले नाहीत, तर माग दुसऱ्याचा.

कौतिक पेढीचा पारखी. काळ्या फरशीवर रुपया टाकायचा आणि डोळे मिटून खरंखोटं सांगायचं, यातच त्याचे केस पिकले. पण आषाढापासून त्याचे कान विझत चालले होते. घरी बायकोलाही त्याने सांगितलं नव्हतं. आज रुपया फरशीवर पडला तेव्हा शेठ आडत्याशी बोलण्यात गुंतले होते. कौतिकला तो मुकाच वाटला. म्हणून छिन्नी.

त्याने खाच बोटाने पुसली आणि उजेडात धरली. तळापर्यंत पांढरी चांदी. तांब्याचा मागमूस नाही.

आडत्या उठून गेला. शेठ या बाजूला वळले. "एकाच गाडग्यातले ना सगळे? मग लाव सगळ्यांना छिन्नी, अन् मोकळं कर बाईला. बाई, कोणी ठगवलं तुमच्या सासूला?"

शेठचे ओठ वाचून कौतिकला सगळं कळलं. चूक झाकायची वाट आयती मोकळी झाली होती. काही बोलायचंच नव्हतं. त्याने दुसरा रुपया उचलला, छिन्नी टेकवली. आज एकादशी. सकाळी तापीत उभं राहून याच हातांनी अर्घ्य दिलं होतं. त्या हातांनी हिच्या चुलीखालची लक्ष्मी चिरायची?

त्याने हातोडी खाली ठेवली.

"शेठ, नाणं खोटं नाही. माझा कान गेला."

शेठनी त्याच्या हातातला रुपया हिसकला आणि फरशीवर टाकला. कौतिकला काही ऐकू आलं नाही. त्याला दिसलं ते एवढंच, की रंभाबाईचा पदर तोंडावरून खाली आला.

"कधीपासून?" शेठ ओरडले.

"आषाढापासून."

"अन् माझ्या पेढीवर बसत होतास? वाहवा! उद्यापासून येऊ नकोस."

खाच पडलेलं नाणं मोडीतच जातं. कौतिकने कमरेच्या पिशवीतून आपला बंदा रुपया काढला, रंभाबाईपुढे ठेवला आणि छिन्नी लागलेला स्वतः घेतला.

"असू द्या ना, भाऊ," ती म्हणाली. "माणसाचं होतं चुकून."

त्याची नजर नाण्यावर होती; ते शब्दही त्याला कळले नाहीत. त्याने नुसती मान हलवली. ती रुपये पदरात बांधून नदीकडे निघाली.

तिन्हीसांजेला तो राजघाटावर जाऊन उभा राहिला. बायका पाण्यात दिवे सोडत होत्या. पुजाऱ्याने घंटेची दोरी ओढलेली त्याला दिसली. शेजारच्या माणसाने हात जोडले, तेव्हा त्यानेही जोडले.