धूळ कुठली, आई कुठली

कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या बाईकडे मबारकानं एकदाच पाहिलं आणि ही माझी आई नव्हे, असं सांगून टाकलं.

डोंगरातल्या अरीस गावच्या बाजारात नदीरचं फोटोचं दुकान आहे. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, झेरॉक्स, सगळं तो एकटाच बघतो. मबारकाची नात सिहाम हिचं लग्न शुक्रवारी होतं. हल्ली हॉलमध्ये भिंतभर पडदा लावून घरातली जुनी माणसं दाखवायची पद्धत निघाली आहे, म्हणून मबारकानं नवऱ्याच्या स्लाइड्स बाहेर काढल्या होत्या. नवरा बेलकासम फ्रेंचांच्या ल्यों शहरात कारखान्यात राबायचा आणि उन्हाळ्यात गावी आला की गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडायचा. त्याच्या एवढ्या स्लाइड्समध्ये एकीतच मबारकाची आई होती. फत्तूम दारात बसून लोकर कातते आहे आणि मान वर करून जावयाकडे अशी बघते आहे, की याला आता घरात घ्यावं की हाकलावं. तिचा दुसरा फोटो कुठेच नाही. सरकारी कार्डासाठीसुद्धा ती बया कॅमेऱ्यापुढे बसली नव्हती.

आणि आता ही पडद्यावर कोण बसली होती? सोललेल्या अंड्यासारखं गोरं गुळगुळीत तोंड. हनुवटीवरचं गोंदण नाही, कपाळावरची फुली नाही.

"हिचं तोंड कुणी धुतलं?" मबारकानं विचारलं.

नदीर गडबडला. मी नाही धुतलं हाज्जा, मशीननं, असं म्हणून तो समजावू लागला. स्लाइड काचेवर ठेवायची, झाकणातला दिवा वरून उजेड पाडतो आणि मशीन खालून वाचून घेतं. पण स्लाइड केवढी, तर पोस्टाच्या तिकिटाएवढी. ती भिंतीएवढी केली की धुळीचा कण हरभऱ्याएवढा होतो. म्हणून मशीनमध्ये एक सोय असते, ती ठिपके शोधते आणि आजूबाजूचा रंग भरून ते बुजवते. ती त्यानं जरा जास्तच वाढवली होती, कारण स्लाइड्सवर धूळ फार होती, कारण... इथे तो थांबला.

कारण घरी मबारकानं लोकरीचा बोळा तेलात बुडवून त्या चकाचक पुसल्या होत्या. तांब्याच्या परातीपासून नातवंडांच्या टाचांपर्यंत तिच्या घरात सगळं याच बोळ्यानं पुसलं जातं. मग त्यांच्यावर मधावर बसावी तशी धूळ बसली.

"तेल चांगलं होतं," मबारका म्हणाली. "आमच्याच झाडांचं."

तेलाबद्दल नदीरनं काही तक्रार केली नाही. एवढंच म्हणाला, की कातडीवरचा काळा ठिपका धुळीचा की गोंदणाचा, ते या मशीनला कळत नाही.

थोरला मुलगा अम्मार, सिहामचा बाप, सोबत आला होता. तो बातनाच्या बँकेत साहेब आहे. त्याला फोटो पसंत पडला. उलट बरंच झालं यम्मा, म्हणाला. व्याही कॉन्स्टंटीनचे, शहरातले, घरात दोन डॉक्टर. भिंतीएवढं गोंदलेलं तोंड पाहून त्यांच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसतील, डोंगरातून कुठली उचलून आणली म्हणतील. शिवाय मशिदीत सांगतात की गोंदणं बरं नव्हे, आणि आजीलाही म्हातारपणी त्याचा पश्चात्ताप झाला होता म्हणे.

"पश्चात्ताप तिला एकाच गोष्टीचा झाला," मबारका म्हणाली, "तुला वाटीभर दूध जास्त पाजल्याचा. आणि माझ्या हनुवटीचं काय करणार शुक्रवारी? पीठ फासणार?"

अम्मारनं तिच्या ओढणीकडे पाहिलं. त्या बघण्यावरून तिला कळलं, की याचाही विचार त्यानं करून ठेवला आहे. ओढणी जरा वर घे, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

तिचा आवाज खाली आला. तिचा आवाज खाली आला की घरातली माणसं उठून दुसऱ्या खोलीत जातात. इथे दुसरी खोली नव्हती.

"फ्रेंचांचं राज्य असताना हेच तोंड घेऊन ती त्यांच्या चौकीसमोरून रोज पाण्याला जायची. बंदुकीवाले बघायचे, तीही बघायची. त्यांच्यापुढे तिनं झाकलं नाही, ते तुझ्या व्याह्यांपुढे झाकायचं? तिला गोंदणासकट दाखवणार असशील तर दाखव. नाही तर पडदा कोरा ठेव. कोऱ्या पडद्याखाली मी बसेन, डोकं मागं टाकून, सगळ्यांना दिसेल अशी."

अम्मारनं नदीरला सांगितलं, हाच फोटो ठेव. मबारकानं स्टूल ओढत दुकानाच्या दारात नेलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.

बाजाराचा दिवस होता. जो जाईल तो थांबून सलाम करी, सगळं ठीक ना विचारी. सगळं ठीक, मबारका सांगे, माझा मुलगा त्याच्या आजीचं तोंड धुऊन घेतोय. गाढवावरून भोपळे नेणाऱ्यालाही तिनं हेच सांगितलं आणि अम्मारच्या शाळेतल्या मास्तरांनाही. मास्तर आत डोकावले तेव्हा अम्मार बाहेर आला.

"यम्मा, आत चल."

"आई सापडली की येते."

तो परत आत गेला, नदीरला पुन्हा कर म्हणाला आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

मग नदीरनं स्लाइड चौकटीतून सोडवली. औषधाच्या थेंबानं तेल काढलं, रबरी फुग्यानं वारा मारला. या वेळी ती थेट काचेवर ठेवली नाही. काचेला चिकटली की पाण्यावरच्या तेलासारखी वलयं उमटतात. साच्यात बसवून काचेपासून किंचित वर ठेवली. मघाशी घाईत ती उलटी पडली होती आणि फत्तूमच्या हातातली चाती डावीकडे गेली होती, तेही सुधारलं. धूळ बुजवणारी सोय बंद केली आणि तोंड उजळवणारीही. मशीन कण्हत कण्हत सरकलं.

भाजलेल्या गव्हाच्या रंगाची बाई पडद्यावर आली. अंगभर ठिपके. मबारका स्टूल घेऊन आत आली आणि नदीरच्या खांद्याला खांदा लावून बसली. तो एकेका ठिपक्यावर बाण नेऊन थांबे.

"हे?"

"धूळ."

"हे?"

"आई. हात लावू नकोस."

असं करत कपाळावरची फुली सुटी झाली, हनुवटीवरची हिरवट रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंचे ठिपके सुटे झाले. तोवर चहा दोनदा गार झाला. मग डाव्या डोळ्याखाली, नाकाजवळ, बाण थांबला.

"हे?"

मबारकानं पडद्याला नाक लागेपर्यंत तोंड पुढे नेलं. त्या बाजूला आई नेहमी डोईचं फडकं खाली ओढून बांधायची, आणि मबारका तर वयात यायच्या आधीच सासरी गेली होती. तिला आठवेना. आपल्याला आठवत नाही, याचाच तिला राग आला. नदीर हळूच म्हणाला की काढून टाकूया, धूळ असली तर भिंतीवर वाईट दिसेल. तिनं त्याचा हात माउसवरून उचलून बाजूला ठेवला.

"अम्मार," तिनं मागे न बघता हाक मारली. "मी रानात असायचे तेव्हा तू तिच्या मांडीवर असायचास. बघ आणि सांग. व्याह्यांना काय आवडेल ते नको सांगू."

अम्मार आत आला. वाकला. मग त्यानं त्या ठिपक्यावर बोट टेकवलं.

"ती हसली की हा वर सरकायचा," तो म्हणाला. "मी बोटानं धरून ठेवायचो."

"म्हणजे?"

"म्हणजे तिचाच आहे. राहू दे."

"मोठ्यानं सांग. नदीरला ऐकू आलं नाही."

नदीरला चांगलं ऐकू आलं होतं, पण तो शहाणा माणूस, खाली बघत राहिला.

"राहू दे म्हणतो, यम्मा. सगळंच राहू दे. आजीचं आहे."

मबारकानं त्याला शाबासकी दिली नाही. उठताना त्याच्या खांद्याचा आधार मात्र घेतला, आणि नदीरला विचारलं, त्या हॉलची भिंत केवढी आहे. नदीरनं हात पसरून दाखवलं.

"मग तेवढीच कर तिला," ती म्हणाली. "कडेला वीतभरसुद्धा जागा सोडू नकोस."