भिंतीवरच्या बायका

दौंडच्या त्या जुन्या बाजारतळाचा आधी वास यायचा, मग तळ दिसायचा. एका कडेला बंद पडलेल्या गोडाऊनची लांबलचक भिंत होती आणि गावातल्या यच्चयावत पुरुषांनी ती बापजाद्यांची मिळकत असल्यासारखी आपसात वाटून घेतली होती. गाडीतून उतरलेला असो, कुरकुंभच्या कारखान्यातल्या पाळीवरून आलेला असो, नाहीतर नुसता चहा पिऊन निघालेला, जो तो भिंतीकडे तोंड करून उभा. लाज नाही, घाई नाही. शेजारच्याशी गप्पासुद्धा चालायच्या.

त्याच भिंतीसमोर पार्वतीबाई तीसेक वर्षं आठवडी बाजाराला सुकट-बोंबील घेऊन बसली. तिच्या पाटीपुढून जाताना लोक नाकाला रुमाल लावायचे आणि तोच रुमाल खिशात कोंबून भिंतीशी उभे राहायचे. बाजाराच्या दिवशी ती सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नसे. बाजारात बसणारी कुठलीच बाई घेत नसे. प्यायलं तर जायचं कुठं? बायकांची सोय होती ती स्टेशनात, फलाटाचं तिकीट काढून. तोवर पाटी कोण राखणार? मूतखड्यानं ती दोनदा दवाखान्यात पडली. पुढं साखर निघाली, लघवी धरवेना, तेव्हा कुठं तिनं बाजार सोडला.

सीमा तिची लेक, गावातल्याच शाळेत चित्रकलेची बाई. २००३ च्या दिवाळीनंतर तिनं मनावर घेतलं की हा बाजारतळ माणसांत आणायचा. दर शनिवारी संध्याकाळी तिथं कार्यक्रम ठेवायचा. रेल्वे कॉलनीतल्या पोरांची गाणी, जात्यावरच्या ओव्या, जवळच्या वाडीतल्या बिरदेव ढोलवाल्याच्या मंडळाचं धनगरी गजीनृत्य. ढोल घुमला तशी गर्दी जमली, पण सगळी पुरुषांची. सीमाला हव्या होत्या बायका, आणि सगळ्यांत आधी आई. ज्या जागेनं तिला तीस वर्षं तहानलेलं ठेवलं, तिथंच तिनं पाय पसरून, तांब्याभर पाणी पिऊन निवांत बसावं, एवढंच लेकीला बघायचं होतं.

म्हणून ती नगरसेवक सोपानरावांकडे गेली आणि बायकांसाठी मुतारी मागितली. सोपानरावांनी तोंड कडू केलं.

"मॅडम, तुमचं काम कलेचं. त्यात असला शब्द कशाला आणता?"

"वास चालतो, शब्द चालत नाही होय?"

"बघू की," सोपानराव म्हणाले. पुढाऱ्याच्या 'बघू'चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो.

मग सीमानं भिंतच हातात घेतली. शाळेतल्या पोरांनी भिंत घासली, चुना दिला आणि तिच्यावर बाजारातल्या बायका रंगवल्या. मेथीवाली, बांगडीवाली, मडकी विकणारी. मधोमध पाटी घेऊन पार्वतीबाई, कपाळावरच्या आठ्यांसकट. शनिवारी चित्र पुरं झालं. रविवारी सकाळी सीमा कौतुकानं बघायला गेली, तर आईच्या हनुवटीपासून खाली पिवळे ओघळ आले होते. आणि मेथीवालीसमोर हौसराव पाठमोरे उभे होते. हे रिटायर झालेले गृहस्थ कार्यक्रमाचं निवेदन करायचे. आदल्याच संध्याकाळी 'स्त्री ही आदिशक्ती' यावर त्यांनी घसा फोडला होता.

"हौसराव!"

त्यांनी मान वळवली, काम थांबवलं नाही. "आलो, आलो, मॅडम. झालंच."

"अहो, काही वाटतं का तुम्हाला?"

"सवय हो. पाय आपसूक हितंच वळत्यात." हौसरावांनी चेन ओढली. "एक सांगू का? देवाच्या चित्राच्या फरशा लावा. मंग कोण धजायचं न्हाई."

"इथं देव असता तर तुम्ही नसती केली?"

"देवावर?" त्यांनी तोच ओला हात कपाळाला लावला. "शिव शिव! नरकात जायाचंय व्हय?"

"आणि या बायका?"

"त्ये चित्र हाय की."

"ती मधली माझी आई आहे."

हौसराव वाकून बघू लागले. "व्हय की, सुकटवाली! आधी बोलायचं न्हाई का, मॅडम? मी जरा बाजूला उभा ऱ्हायलो असतो."

सीमानं भिंत धुतली. सोमवारी परत धुतली. मंगळवारी बादली घेऊन गेली आणि तशीच परत आली. हात कितीही धुतले तरी जेवताना वास यायचा. शिसारी त्या घाणीची नव्हती; घाण काय, पाण्यानं जाते. देव दिसला की आवरता येतं आणि बाई दिसली की आवरत नाही, या हिशोबाची तिला शिसारी आली होती.

सोपानरावांना मात्र हौसरावांची युक्ती फार पटली. मुतारीला जागा नव्हती, निधी नव्हता. फरशांना आठवड्यात सगळं निघालं. सीमा भांडली. "ज्याला हात जोडता त्याला मुतारीच्या राखणीला बसवता? माझ्या घरात देव नाहीत, पण तुमच्या वतीनं मलाच लाज वाटते." तिच्याच वस्तीतला एक कार्यकर्ता म्हणाला, मग आपले बुद्ध लावू या. तिनं त्यालाही वाटेला लावलं. शेवटी गवंडी आला आणि बायकांच्या तोंडांवर सिमेंट थापून देव बसवून गेला. फरशा निम्म्या भिंतीलाच पुरल्या. भाविक मंडळी देवाला नमस्कार करून पुढं सरकली आणि फरशा संपत होत्या तिथं, बाजारात बायका बसतात त्यांच्या अगदी पाठीशी, उभी राहू लागली.

फरशांच्या लोकार्पणाला पुढच्या शनिवारचा मुहूर्त धरला. सीमा गेलीच नसती. पण बिरदेवची बायको बानूबाई हिनं बाजारातल्या बायका गोळा केल्या होत्या आणि पार्वतीबाईचा सत्कार म्हणून तीसुद्धा यायला कबूल झाली होती. आई येते म्हटल्यावर सीमानं राग गिळला आणि तीही निघाली.

बायका खरंच आल्या. पहिल्यांदाच सतरंजी लुगड्यांनी भरली. पार्वतीबाईला व्यासपीठावर खुर्ची मिळाली, कुणीतरी पाणी दिलं, चहा दिला. जन्मात कुणी आग्रह केला नव्हता, म्हणून तिनं दोन्ही घेतलं. मग भाषणं सुरू झाली आणि संपेनात. पाहुणे संस्कृतीवर बोलले, सोपानराव स्वच्छतेवर बोलले. पार्वतीबाई खुर्चीत एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला होऊ लागली. एकदाची शाल पडली, नारळ आला आणि हौसरावांनी माईक तिच्यापुढं धरला.

"आजी, दोन शब्द बोला."

"मला मुतायला जायाचंय," पार्वतीबाई म्हणाली. "कुठं जाऊ?"

कर्ण्यातून ते पार चौकापर्यंत गेलं. पुरुषांच्या बाजूनं हशा उसळला. सोपानरावांनी घाईनं माईक ओढला. "आजी लय मिश्कील हायेत! टाळ्या झाल्या पायजेत!" आणि टाळ्या झाल्या.

"इनोद न्हाई केला म्या," ती म्हणत होती, पण माईक गेला होता.

शाल खुर्चीवर टाकून ती खाली उतरली. सीमा धावली. आईनं तिचं मनगट धरलं. "सीमे, स्टेशनापातुर न्हाई निभायचं गं."

सीमानं चहूकडे बघितलं. सगळीकडे पुरुष होते, आणि भिंतीवर देव. तेवढ्यात बानूबाई उठली. "आयाबायांनो, उठा," ती म्हणाली. "आडोसा धरा." शेताच्या बांधावर नाहीतर यष्टी थांबली की रस्त्याकडेला बायका एकमेकींना धरतात, तसा. मेथीवाली उठली, बांगडीवाली उठली. पदर पसरले आणि व्यासपीठासमोर, भर सतरंजीच्या कडेला, लुगड्यांचं कडं झालं. हशा विरला. पुरुषांनी माना फिरवल्या.

"ढोल! ढोल वाजवा!" सोपानराव ओरडले.

बिरदेवनं ढोलावरचा हात खाली घेतला. "कशापायी? तुमच्या टायमाला वाजवला व्हता का?"

कड्यात एक फट राहिली होती. सीमानं पदर सोडला आणि तिथं उभी राहिली. गर्दीचा, फरशांचा, शालींचा तिला वीट आला होता. आणि स्वतःचाही; भिंतीवर आईचा चेहरा रंगवत बसली होती ती, जशी काही आईला चेहऱ्याचीच अडचण होती.

पार्वतीबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. तिनं लुगडं सारखं केलं, ओल्या जमिनीकडे बघितलं आणि लेकीसमोर दोन्ही हात जोडले.

"चांगली झाडलेली जागा व्हती गं तुझी," ती म्हणाली. "खराब केली म्या. तेवढी माफी कर."

त्या जागेवर आजवर एवढे लोक मुतून गेले, पण माफी मागितली ती तिनं एकटीनं.