बोटाला न कळलेली बर

ड्रिल धातूच्या पलीकडे निघतं तेव्हा शेवटचा पातळ थर कापला जात नाही. त्याच्यामागे आधार उरलेला नसतो, म्हणून तो वाकतो आणि भोकाच्या काठावर बाहेर ढकलला जातो. तिथे केसाहून थोडी जाड, वेडीवाकडी झालर राहते. कारखान्यात तिला बर म्हणतात. सुनेनं भिंगाखाली धरलेल्या ब्रेकच्या ठोकळ्यात ती आत होती, दोन भोकं एकमेकांना छेदतात तिथे, आणि अर्धी तुटलेली होती. तुटलेला तुकडा तेलाबरोबर वाहत जाऊन झडपेत अडकला होता. गिऱ्हाइकाच्या चाचणीत ब्रेक लागला नाही. आख्खी पेटी परत आली होती.

"ड्रिल बोथट," आप्पा म्हणाले. आप्पा तिचे सासरे. बर काढायचं टेबल त्यांचं. "बोथट ड्रिल कापत नाही, नुसतं रेटतं. या काडीला सांगून सांगून तोंड दुखलं माझं."

ड्रिल चालवणारा इतका किडकिडीत होता की सगळे त्याला काडीच म्हणत. "आप्पा, त्या दिवशी नवंकोरं लावलं होतं. नव्यानंही बर येतेच. ती काढायला तुम्ही आहात ना?"

"म्हणजे मी काढली नाही? अरे, तुझं बारसं व्हायच्या आधीपासून हे बोट भोकात घालतोय. भिंगं सूनबाईला लागतात, शिकलेली आहे ती. मला बोट पुरतं."

सुनेनं भिंग खाली ठेवलं. डॉक्टरांनी आप्पांना डोळे मिटायला सांगून बोटांवर टाचणी टोचली होती तेव्हा ती शेजारी बसली होती. टोचून झाल्यावरही आप्पा विचारत होते, "अहो, टोचताय कधी?" रक्तातल्या साखरेनं बोटांची जाणीव गेली होती. तिनं त्याच संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." तेव्हापासून आप्पा जेवायला गेले की ती त्यांचा प्रत्येक ठोकळा पुन्हा तपासायची, राहिलेली बर काढायची. ती तापानं घरी पडली असताना ही पेटी परस्पर गेली होती.

कारखाना नवरा चालवायचा. त्यानं तिला बाजूला घेतलं. "काडीला आजच कामावरून काढतो. कोणाची चूक ते गिऱ्हाईक विचारतंय."

"कोणाची ते तुला माहीत आहे."

"मग काय करू? आई गेल्यापासून त्यांना या टेबलाशिवाय आहे काय? घरी बसवलं तर दोन महिने काढायचे नाहीत."

"आणि काडी?"

"त्याला कुठेही काम मिळेल."

"ब्रेक निकामी करणारा असं नाव झाल्यावर?"

आप्पांबद्दल नवरा खोटं बोलत नव्हता. तिनंही तोच हिशेब किती वेळा केला होता, आणि दर वेळी उत्तर तेच आलं होतं.

बाहेर काडी हात पुसत होता. एकदा पुसून झालेले हात तो पुन्हा पुसायला लागला. आप्पांनी पेटीतला दुसरा ठोकळा उचलला, भोकात बोट घातलं आणि सावकाश फिरवलं. "ये, बघ. लोण्यासारखा गुळगुळीत. याला म्हणतात काम."

त्यांनी बोट बाहेर काढलं. रक्त तळव्यावरून मनगटाकडे ओघळत होतं. आप्पा काडीकडे बघून हसत होते.

"आप्पा, बोट..." काडी म्हणाला.

"काय झालंय बोटाला?"

सुनेनं पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि स्वच्छ फडकं गुंडाळलं. फडकं लाल झालेलं बघितल्यावर आप्पांचं हसू थांबलं. नवरा दारात येऊन उभा होता. तो बोलेल म्हणून ती थांबली, गाठ मारून झाली तरी थांबली. त्यानं मान खाली घातली.

"आप्पा," ती म्हणाली, "यात काडीची चूक नाही. बर तुमच्या बोटाला कळत नाही. उद्यापासून तुम्ही या टेबलावर बसायचं नाही."